काळा कुत्रा आणि उजेडाची दिशा

घरात कॅमेरा आला, आणि अलीकडे तर तो प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्येच येऊन बसला आहे, की माणसांची छायाचित्रे काढून झाल्यावर पाळी येते ती घरच्या कुत्र्याची. कुत्रा तांबूस किंवा बदामी रंगाचा असला तर काम कसेबसे निभावून जाते. पण तो काळा असला की निराशा ठरलेलीच. छायाचित्रात दिसतो तो एक डांबराचा गोळा. त्यात नाक कोठे, कान कोठे, छातीचा भाग कोठे संपतो आणि पाय कोठे सुरू होतात, याचा पत्ता लागत नाही. रात्री फ्लॅश उडवून चित्र काढले असेल, तर त्या गोळ्यात दोन हिरवट ठिपके तेवढे चकाकत असतात. मग घरची मंडळी हसून म्हणतात, "आमचा काळू फोटोत येतच नाही!"

ही तक्रार खरी आहे. मात्र तिचा दोष काळूकडे नाही. तो उजेडाच्या योजनेकडे आहे. कुत्र्यांची व्यक्तिचित्रे काढणे हा आज अनेक देशांत एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, आणि त्या व्यवसायात काळा कुत्रा ही कसोटी मानली जाते. ज्याला काळ्या कुत्र्यावर उजेड कसा टाकावा हे कळले, त्याला प्रकाशयोजनेचे मर्म कळले. म्हणून या विषयाचा विचार काळ्या कुत्र्यापासूनच आरंभिणे सोयीचे.

प्रथम कॅमेऱ्याची गफलत पाहू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हे यंत्र आहे. समोर कुत्रा आहे की कोळशाची रास, हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठविणारे असावे, असे गृहीत धरूनच त्याची रचना झालेली आहे. काळ्या कुत्र्याचा चेहरा चौकटभर घेतला, की यंत्राला वाटते की येथे उजेड कमी आहे. ते चित्र अधिक उजळ करते, आणि काळा कुत्रा राखाडी, धुरकट होऊन बसतो. उलट तोच कुत्रा पांढऱ्या भिंतीपुढे उभा केला, की भिंतीच्या झळाळीमुळे यंत्र चित्र गडद करते, आणि कुत्र्याची नुसती सावली उरते. पांढऱ्याशुभ्र कुत्र्याची गत याच्या नेमकी उलट. चौकटभर पांढरा कुत्रा यंत्राला मानवत नाही, ते त्याला मळकट करून टाकते. म्हणून जाणता छायाचित्रकार काळा चेहरा चौकटभर असताना यंत्राने सुचविल्यापेक्षा प्रकाश थोडा कमी घेतो आणि पांढरा असताना थोडा अधिक. मोबाइलवर हे काम फारसे अवघड नाही. पडद्यावर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि शेजारी जी उजेडाची खूण उमटते ती लव काळी दिसेपर्यंत खाली सरकवावी.

परंतु एवढ्याने निभत नाही. प्रकाशाचे माप बरोबर बसले तरी काळ्या रंगाच्या आतील आकार दिसावयास हवा, आणि तो मापाने दिसत नाही, दिशेने दिसतो. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. काळी वस्तू पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते. समोरून कितीही प्रखर दिवा लावला तरी काळ्या लवेकडून फारसे काही परत येत नाही. मात्र निरोगी कुत्र्याची लव तुकतुकीत असते. प्रत्येक केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे तो आरशासारखे काम करतो, आणि आरशावरून प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने पलीकडे परततो. तेव्हा काळ्या कुत्र्याचा आकार आपल्याला दिसतो तो त्याच्या रंगामुळे नव्हे, तर त्याच्या अंगावरील चकाकीमुळे. ही चकाकी मानेच्या वळणावर, खांद्याच्या उंचवट्यावर, कपाळाच्या मध्यरेषेवर पडली, की डांबराच्या गोळ्यातून कुत्रा प्रकट होतो.

मग ती चकाकी पडावी कशी? दिवा कुत्र्याच्या समोर, कॅमेऱ्याच्या डोक्यावर न ठेवता बाजूला न्यावा. किंबहुना बाजूला आणि किंचित मागे. मागच्या बाजूने तिरका येणारा उजेड केसांवरून घसरत कॅमेऱ्याकडे येतो आणि कानांच्या, मानेच्या, पाठीच्या कडेने एक बारीक रुपेरी रेघ काढतो. या रेघेमुळे काळा कुत्रा काळ्या पडद्यापासूनही वेगळा होतो. दुसरा उजेड समोरच्या बाजूने, परंतु तिरकाच, चेहऱ्यासाठी ठेवावा. हा दुसरा उजेड लहान, उघड्या दिव्याचा नसावा. लहान दिव्याची चकाकी टाचणीच्या टोकाएवढी पडते आणि चेहरा घामेजल्यासारखा, तेलकट दिसतो. दिव्यापुढे मोठे पांढरे कापड किंवा पांढरी छत्री धरली की प्रकाशाचे उगमस्थान मोठे होते, चकाकी पसरते आणि लवेवर रेशमाची झाक येते. म्हणजे येथे दिव्याच्या बळापेक्षा त्याच्या विस्ताराला महत्त्व अधिक.

विस्ताराबरोबरच अंतराचाही विचार हवा. एक मीटरवरचा दिवा दोन मीटरवर नेला तर कुत्र्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात व्यस्त वर्गाचा नियम म्हणून जो पाठ असतो, तोच हा. त्याचा उपयोग दुहेरी आहे. दिवा जवळ आणला की मागची भिंत आपोआप अंधारात जाते आणि कुत्रा उठून दिसतो. पण कुत्रा जागचा हलतो. दिवा फार जवळ असेल तर त्याने अर्धे पाऊल पुढे टाकले तरी चित्र पांढरे पडते, मागे सरला तर काळवंडते. म्हणून चंचल कुत्र्यासाठी दिवा थोडा दूर ठेवून त्यापुढील पडदा मोठा करतात. माणसाला "हनुवटी जरा वर घ्या" असे सांगता येते. कुत्र्याला तसे सांगता येत नाही. तेव्हा कुत्र्याने उजेडात येऊन बसावे अशी अपेक्षा न करता, कुत्रा जेथे सुखाने बसेल तेवढ्या साऱ्या जागेत चांगला उजेड करून ठेवणे, हे या विद्येचे पहिले सूत्र.

माणसाच्या व्यक्तिचित्रासाठी दिवा डोळ्यांच्या बराच वर, तिरका ठेवण्याची पद्धत जुनी आहे. ती कुत्र्याला जशीच्या तशी लावली तर फसगत होते. कुत्र्याची भुवईची कड पुढे आलेली, आणि मुस्कट लांब. वरून आलेल्या उजेडाने डोळे खोबणीत बुडतात आणि मुस्कटाची सावली थेट छातीवर पडते. म्हणून दिवा खाली उतरवावा लागतो, कुत्र्याच्या नजरेहून थोडासाच वर. छायाचित्रकारालाही गुडघे टेकून किंवा जमिनीवर पालथे पडूनच काम करावे लागते. पग अथवा बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला समोरचा उजेड चालतो, नव्हे, त्याच्या सुरकुत्यांतील काळोख थोडा भरून काढण्यासाठी तो हवाच असतो. लांब मुस्कटाच्या कुत्र्याला मात्र बाजूचा उजेडच शोभतो.

या सगळ्या खटाटोपाचे सार्थक डोळ्यांत होते. काळ्या चेहऱ्यातील गडद तपकिरी डोळा हा तसा दिसतच नाही. तो दिसतो त्यात पडलेल्या उजेडाच्या प्रतिबिंबामुळे. खिडकीचे किंवा पांढऱ्या पडद्याचे एवढेसे प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या बाजूस उमटले, की डोळा जिवंत होतो. ते नसले तर डोळा मेणाच्या बाहुलीचा वाटतो. आरंभी ज्या हिरवट ठिपक्यांचा उल्लेख आला, त्यांचे कारण वेगळे. कुत्र्याच्या नेत्रपटलामागे एक परावर्तक थर असतो. आत शिरलेला प्रकाश तो पुन्हा नेत्रपटलावर फेकतो, आणि त्यामुळे कुत्र्याला संधिप्रकाशात आपल्याहून बरे दिसते. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला, तर तोच प्रकाश आला त्या वाटेने परत फिरून भिंगात शिरतो. फ्लॅश भिंगापासून दूर, बाजूला नेला, की हे ठिपके नाहीसे होतात.

विजेच्या फ्लॅशने या कामाला मोठी मदत केली, हे नमूद केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करीत. त्या भडक्यापुढे आणि धुरापुढे कोणता कुत्रा थांबणार? १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक हॅरोल्ड एजर्टन यांनी विद्युत्‌स्फुरणाचा दिवा छायाचित्रणाच्या उपयोगाला आणला. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात तो उजळून विझतो. कुत्र्याने मान झटकली, कान हलविला, तरी चित्र स्थिर येते. पण सोय माणसाची झाली म्हणून कुत्र्याची झाली असे नाही. कुत्र्याचे कान मनुष्याच्या कानांहून कितीतरी अधिक उंच स्वर टिपतात, आणि दिवा पुन्हा भरताना त्यातून जी बारीक शीळ उठते ती त्याला अस्वस्थ करू शकते. म्हणून जाणते छायाचित्रकार घाई करीत नाहीत. कुत्र्याला आधी खोली हुंगू देतात, दिव्याच्या तिवया हुंगू देतात. पहिले दोनचार झोत दूर भिंतीकडे उडवितात आणि प्रत्येक झोतानंतर एखादा खाऊ देतात. तारा जमिनीला चिकटवून ठेवतात आणि तिवयांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात. कारण शेपटीच्या एका फटक्याने कोसळलेली छत्री कुत्रा विसरत नाही. तो धापा टाकू लागला, जांभया देऊ लागला, पांढरे बुबुळ दाखवून तोंड फिरवू लागला, तर दिवे मालवावेत हेच उत्तम. भ्यालेल्या कुत्र्याचे चित्र कितीही रेखीव उजेडात काढले, तरी ते भीतीचेच चित्र होते.

एवढी सामग्री नसलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. विजेचे दिवे येण्यापूर्वीचे स्टुडिओ काचेच्या छपराचे किंवा मोठ्या खिडक्यांचे असत. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे सिकंदराबाद-हैदराबादेत नावारूपाला आलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे त्याच युगातील. त्या काळापासून उत्तरेच्या खिडकीचा महिमा सांगितला जातो, कारण तिच्यातून ऊन येत नाही, आकाशाचा सौम्य उजेड येतो. हा नियम युरोपात बारमाही खरा. आपल्याकडे त्याला थोडी मुरड घालावी लागते. गोवा आणि बेळगाव येथे मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या मध्याच्या सुमारापर्यंत सूर्य माध्यान्ही उत्तरेकडे झुकलेला असतो. हैदराबादेस ही मुदत थोडी कमी. इंदूर-वडोदऱ्यास जूनमध्ये व जुलैच्या आरंभी थोडेच दिवस. आणि ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेस जात नाही. तेव्हा आपापल्या गावाचे ऊन पाहूनच खिडकी निवडावी.

खिडकी नसेल तर ओसरी आहे, पडवी आहे, गोव्याच्या घरांचा बल्कांव आहे. कुत्र्याला छपराच्या सावलीत, पण सावलीच्या काठाजवळ, तोंड बाहेरच्या आकाशाकडे करून बसवावे. ऊन त्याच्या अंगावर येऊ देऊ नये; समोरचे मोकळे आकाश हाच मोठा दिवा. छायाचित्रकाराने बाहेरच्या बाजूस, थोडे कडेला बसावे. कुत्र्याच्या अंधाऱ्या बाजूला एखादी धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाकावी किंवा थर्मोकोलचा तक्ता उभा करावा, म्हणजे तिकडील कान आणि गाल उजळतात. खाली हिरवळ असेल तर काळ्या छातीवर हिरवट झाक येते आणि निळ्या आकाशाखाली काळी पाठ निळसर दिसते, हेही ध्यानात असू द्यावे, कारण तुकतुकीत लव म्हणजे काळा आरसाच. पावसाळ्यातील ढगाळ सकाळ ही या कामाला उत्तम. भर दुपारचे ऊन मात्र सर्वथा टाळावे. त्यात चित्रही बिघडते आणि तापलेल्या फरशीवर कुत्र्याचे तळवेही भाजतात.

काळ्याचा नियम पांढऱ्याला उलटा करून लावावा. तमिळनाडूतील राजापालयम जातीचा शुभ्र कुत्रा घेतला, तर त्याच्या बाबतीत प्रकाश भरण्याऐवजी काढून घ्यावा लागतो. एका बाजूस काळी घोंगडी टांगली की शुभ्र अंगावर हलकी सावली उतरते आणि गोलाई दिसू लागते. बेळगावपासून दूर नसलेल्या मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याला महाराष्ट्रात कारवान म्हणतात, तो पुन्हा वेगळा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांचे नाव या जातीच्या संवर्धनाशी जोडलेले आहे, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत राजापालयमबरोबर त्यालाही स्थान मिळाले. त्याचे सौंदर्य लवेत नाही, बांध्यात आहे. छाती खोल, पोट आत गेलेले, मांड्या ताणलेल्या. अशा कुत्र्यावर अगदी बाजूने, अंगाला चाटून जाणारा उजेड टाकला तर स्नायूंची प्रत्येक रेषा उमटते. समोरून टाकला तर तो केवळ हडकुळा दिसतो. एकच कुत्रा, एकच क्षण. दिव्याची जागा बदलली की एका चित्रात तो शिकारी आणि दुसऱ्यात उपाशी.

ही विद्या कलेच्या पायरीला कशी पोहोचते, याचे उदाहरण अमेरिकन कलावंत विल्यम वेगमन यांचे. त्यांच्याकडे वायमरानर जातीचा करड्या रंगाचा कुत्रा होता. त्याचे नाव त्यांनी मॅन रे या विख्यात कलावंतावरून ठेवले होते. १९७९ पासून त्यांनी पोलरॉइड कंपनीच्या प्रचंड कॅमेऱ्यावर त्याची चित्रे काढली. तो कॅमेरा शंभर किलोंहून अधिक वजनाचा आणि त्यातून निघणारे चित्र २० इंच रुंद, २४ इंच उंच. एवढ्या यंत्राला उजेडही भरपूर लागतो. १९८२ साली तो कुत्रा वारला. पण त्या चित्रांतील त्याची करडी, मखमली कांती आणि गंभीर मुद्रा पाहिली, की हा कोणी विदूषक नसून आपल्या मर्जीने बसलेला एक सहकारी आहे असे वाटते.

काळ्या कुत्र्यांच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे नाव मॅसॅच्युसेट्समधीलच छायाचित्रकार फ्रेड लेव्ही यांचे. २०१३ साली त्यांनी केवळ काळ्या कुत्र्यांची व्यक्तिचित्रे काढण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि तीही काळ्या पडद्यापुढे! काळ्यावर काळे; पाहणाऱ्याला ते वेड वाटावे. पण पडदा काळा असल्यामुळे दुसरे काहीच डोळ्यांत भरत नाही, आणि उजेडाने उलगडलेला चेहरा तेवढा समोर उरतो. या उपक्रमामागे एक कारण होते. निराधार कुत्र्यांच्या आश्रयगृहांत काम करणाऱ्या पुष्कळांचा असा अनुभव, की काळ्या कुत्र्याला घर मिळावयास अधिक काळ लागतो. या बाबतीत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काहींत रंगाचा परिणाम दिसला, काहींत दिसला नाही. मात्र छायाचित्राचा परिणाम निराळा तपासला गेला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घराच्या प्रतीक्षेत असलेल्या शेकडो काळ्या लॅब्रडॉर-मिश्र कुत्र्यांची इंटरनेटवरील छायाचित्रे पाहण्यात आली. ज्यांची चित्रे मोकळ्यावर काढलेली होती आणि ज्यांत कुत्रा सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होता, त्यांना घर लवकर मिळाल्याचे आढळले.

यातील अर्थ सरळ आहे. आजकाल निराधार कुत्र्याची आणि त्याच्या भावी धन्याची पहिली भेट प्रत्यक्ष होत नाही. ती छायाचित्रात होते. पिंजऱ्याच्या गजांआड, डोक्यावरच्या एका पिवळ्या दिव्याखाली घाईने काढलेल्या चित्रात काळा कुत्रा म्हणजे नुसता अंधार असतो, आणि अंधाराला कोणी घरी नेत नाही. त्याचा स्वभाव, त्याची उत्सुक नजर, एका कानाची मजेदार घडी यांपैकी काहीच पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. माणूस पुढचे चित्र पाहू लागतो आणि कुत्रा तेथेच राहतो. आपल्या गावोगावीही निराधार जनावरांसाठी झटणारी मंडळी आहेत, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत काळ्यांची संख्या काही थोडी नाही. या मंडळींनी महागडे दिवे घेण्याची गरज नाही. कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढावे, पडवीच्या काठाशी बसवावे, एक पांढरी चादर टांगावी, त्याच्यासमोर जमिनीवर बसावे आणि तो डोळे वर करून पाहीपर्यंत थांबावे. दहा मिनिटांचे हे काम आहे.

काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव, असे समजणे ही पाहणाऱ्याची चूक. काळ्या लवेतही तेज असतेच. ते बाहेर येण्यासाठी दिवा मोठा करावा लागत नाही, दिव्याची जागा बदलावी लागते. आणि त्या दिव्याशेजारी थोडा वेळ खाली बसण्याची तयारी असावी लागते.